तीन तासांची ताटातूट

संशोधन संस्थेच्या प्राणिगृहात काम करणाऱ्या त्या माणसाला सगळे दाई म्हणत. मिशा पिकलेला, छप्पन्न वर्षांचा बाप्या माणूस, पण नाव पडलं ते पडलंच. फार पूर्वी एक उंदरीण अडली होती आणि त्यानं दोन बोटांनी तिची सुटका केली होती, तेव्हापासून. फोनवर कुणी नवख्यानं "दाई आहेत का?" असं विचारलं आणि यानं घोगऱ्या आवाजात "बोलतोय" म्हटलं की पलीकडचा माणूस चुकीचा नंबर लागला असं समजून फोन ठेवायचा.

प्राणिगृह तळघरात होतं. खिडकी नाही, दिवे ठरल्या वेळी आपोआप लागायचे आणि विझायचे. भिंतीलगत लोखंडी मांडण्यांवर पिंजरे, प्रत्येकात लाकडाचा भुसा आणि एक पांढरी उंदरीण. दाई आत शिरला की आधी हातमोजे त्या-त्या पिंजऱ्यातल्या भुशात चोळायचा. परका वास लागला तर आई पिल्लांना जवळ घेत नाही. हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं, पण आता नव्या लोकांना तोच शिकवायचा.

कामात इतका सावकाश असलेला हा माणूस एरवी मात्र फार लवकर दचकायचा. मागून हाक मारली की त्याच्या हातातलं सांडायचं. हॉटेलात गेला तरी दाराकडे तोंड करूनच बसणार. बायको म्हणायची, यांना बोलवायचं तर आधी चार पावलांवरून खोकावं लागतं. आणि कुणाची मदत मागणं म्हणजे त्याच्या जिवावर यायचं. भुशाचं पोतं दोघांनी उचलायचं असताना एकट्यानं ओढत न्यायचा आणि नंतर आठवडाभर कंबर धरून फिरायचा. त्याची धाकटी बहीण अगदी उलटी. घरावरून विमान गेलं तरी ती कूस बदलायची नाही आणि शेजाऱ्यांकडून शिडीपासून सुईपर्यंत काहीही मागून आणायची. स्वभाव, दुसरं काय, असं सगळे म्हणत. त्यालाही तसंच वाटे.

तो चार महिन्यांचा असताना आईला फुप्फुसाचा आजार झाला. तिला लांब, एका टेकडीवरच्या रुग्णालयात ठेवलं. वडिलांची पाळीची नोकरी, त्यामुळे बाळाला शिशुगृहात द्यावं लागलं. आई बरी होऊन परतली तेव्हा तो पावणेतीन वर्षांचा होता. घरात या काळाबद्दल कुणी बोलत नसे. बोललंच तर एवढंच, की तू फार गुणी बाळ होतास, रडायचाच नाहीस.

संस्थेत मेंदूवर काम करणाऱ्या एक मॅडम होत्या. चाळिशीच्या, भराभर चालणाऱ्या, पण बोलताना प्रत्येक शब्द तोलणाऱ्या. त्यांनी नवा प्रयोग काढला. जन्मलेल्या पिल्लांची निम्मी वेतं, म्हणजे एकेका आईची एका वेळची सगळी पिल्लं, आईजवळच ठेवायची. उरलेल्यांना दुसऱ्या दिवसापासून चौदाव्या दिवसापर्यंत रोज तीन तास आईपासून वेगळं करायचं. ऊब द्यायची, इजा होऊ द्यायची नाही, फक्त आई नाही. मग ती मोठी झाली की त्यांचा ताण कसा चढतो, कसा उतरतो ते बघायचं आणि शेवटी त्यांना मारून मेंदूतली काही जनुकं किती काम करतात ते तपासायचं.

दाईनं विचारलं, म्हणजे तीन तासांत त्यांची जनुकं बदलतात का? मॅडमना असे प्रश्न आवडायचे. त्यांनी त्याला समजावलं, की जनुकं तीच राहतात. स्वयंपाकघरात फळीवर डबे असतात ना, तसं धरा. प्रत्येक पिल्लाच्या फळीवर डबे तेच, आतला माल तोच. पण सुरुवातीच्या दिवसांत काही डब्यांची झाकणं घट्ट बसतात, काहींची सैल राहतात. ताण आल्यावर शरीराला "आता पुरे" असं सांगणारा एक डबा आहे. त्याचं झाकण घट्ट बसलं, तर भीती सरली तरी शरीराला ते कळत नाही. ते घाबरलेलंच राहतं.

"आणि ते झाकण पुन्हा उघडतं का?" दाईनं विचारलं.

"तेच तर अजून नीट माहीत नाही," मॅडम म्हणाल्या.

पहिली तुकडी पार पडली. दाई पिल्लं उचलायचा, उबदार पेटीत ठेवायचा, तीन तासांनी परत करायचा आणि वहीत वेळ लिहायचा. गुलाबी, डोळे मिटलेली, बोटाच्या पेराएवढी पिल्लं. आधी वळवळायची, मग गप्प पडायची. ती निवांत झोपतात असं त्याला वाटायचं.

दुसऱ्या तुकडीच्या शेवटच्या दिवसांत मॅडम एक यंत्र घेऊन आल्या. डबीएवढं, पुढे जाळी. पिल्लांचा आवाज इतका बारीक असतो की माणसाच्या कानाला तो लागतच नाही. हे यंत्र तो आपल्याला ऐकू येईल असा करतं. त्यांनी ते पेटीवर धरलं आणि कळ दाबली.

पत्र्यावर कुणी सुके वाटाणे ओतावेत तसा आवाज खोलीभर झाला. एक नाही, दहा पिल्लं, थांबायचं नावच घेईनात. दाई दोन पावलं मागे सरला. सोळा वर्षं तो या खोलीत काम करत होता. त्याला ही खोली संस्थेतली सगळ्यांत शांत जागा वाटत आली होती.

मॅडमनी तीनही तासांची नोंद घेतली. दुसऱ्या तासाला वाटाणे विरळ झाले आणि तिसऱ्याला जवळपास थांबले. दाई सुटकेच्या स्वरात म्हणाला, की चला, झाली एकदाची शांत.

"शांत झाली असं नाही म्हणता येणार," मॅडम यंत्र बंद करत म्हणाल्या. "हाका मारायचं सोडलं, एवढंच."

त्या निघून गेल्या. दाईनं पिल्लं परत केली, वेळ लिहिली आणि मग हात धुण्याच्या बेसिनपाशी बराच वेळ नळ सोडून उभा राहिला.

तिसरी तुकडी सुरू झाली तेव्हा त्याच्या डब्यात जेवणासोबत एक ब्रश होता. मुलीचा शाळेतला, जलरंगाचा, मऊ केसांचा. उंदरीण पिल्लांना चाटते, पोटावर, पाठीवर, शेपटीपर्यंत. त्यानं ते हजारदा पाहिलं होतं. पिल्लं पेटीत ठेवली की तो ब्रश कोमट पाण्यात बुडवायचा, निथळायचा आणि एकेकाला तळहातावर घेऊन तसंच फिरवायचा. साठ पिल्लं, प्रत्येकाला दोन-अडीच मिनिटं. शेवटचं संपेपर्यंत परत द्यायची वेळ होत यायची. पिल्लं हातात लांबच लांब अंग ताणायची, आईखाली ताणतात तशी. वहीत तो लिहायचा: तीन तास, तापमान ठीक, शेरा नाही.

आपण चूक करतोय हे त्याला कळत नव्हतं असं नाही. वहीत खोटं लिहिणाऱ्याला त्यानंच एकदा या खोलीतून घालवलं होतं. पण रोज सकाळी तो स्वतःला सांगायचा, की आज नको, आणि पेटीचं झाकण लावलं की हात आपसूक डब्याकडे जायचा. तेरा दिवस हे चाललं.

मग पिल्लं मोठी झाली. तीन महिन्यांनी चाचण्या झाल्या. प्रत्येक उंदराला थोडा वेळ अरुंद नळीत अडकवून ठेवायचं, सोडल्यावर ठरावीक अंतरानं रक्ताचा थेंब घ्यायचा आणि ताणाचं संप्रेरक किती लवकर उतरतं ते बघायचं. थेंब तपासायच्या त्या शेजारच्या खोलीतल्या बाई. बावीस वर्षं तेच काम, त्यामुळे त्यांना सगळे थेंबताई म्हणत. दाईचं आणि त्यांचं अरे-तुरेचं होतं. चहा दोघं बरोबर प्यायची, म्हणजे थेंबताई बोलायच्या आणि दाई प्यायचा.

पहिल्या दोन तुकड्यांचं उत्तर चोख होतं. आईपासून दूर ठेवलेल्या उंदरांचा ताण चढला की उतरायला फार वेळ घ्यायचा, आणि मेंदूच्या ज्या भागात तो "आता पुरे"वाला डबा असतो, तिथे ते जनुक मंद चालत होतं. तिसऱ्या तुकडीत मात्र दूर ठेवलेले आणि जवळ ठेवलेले यांच्या रक्तात फारसा फरकच नव्हता.

मॅडम चक्रावल्या. त्यांनी खाद्य तपासलं, पाणी तपासलं, दिव्यांच्या वेळा पाहिल्या, रसायनांच्या बाटल्यांवरच्या तारखा पाहिल्या. कुठेच काही सापडेना. उरली रक्ताची तपासणी. त्यांनी थेंबताईंना आवाज न चढवता सांगितलं, की तिसऱ्या तुकडीचे सगळे नमुने पुन्हा करा. थेंबताईंनी केले. तेच उत्तर. मग मॅडमनी अर्धे नमुने दुसऱ्या प्रयोगशाळेत पाठवले. असं पाठवण्यात वावगं काही नव्हतं, पण बावीस वर्षांत तसं कधी झालं नव्हतं. त्याचा अर्थ सगळ्यांना कळला, की मॅडमना थेंबताईंच्या हातांबद्दल शंका आहे.

त्या आठवड्यात एकदा चहाला थेंबताई बोलल्याच नाहीत. समोरच्या चहावर साय धरली होती. त्या आपल्या हातांकडे बघत होत्या.

"खरं सांग," त्या म्हणाल्या. "माझे हात थरथरतात का रे?"

दाईनं त्यांच्या हातांकडे पाहिलं. हात दगडासारखे स्थिर होते. त्यानं कप खाली ठेवला आणि उठला. जिना चढून तो सरळ मॅडमच्या खोलीत गेला. आतून "या" म्हटलं तरी तो दार वाजवतच राहिला.

त्यानं उभ्यानंच सगळं सांगितलं. मॅडमनी मध्ये एकदाही तोडलं नाही. त्याचं संपल्यावर त्यांनी कागद पुढे ओढला आणि प्रश्न विचारायला लागल्या. ब्रश केवढा? कोरडा की ओला? प्रत्येकाला किती वेळ? सगळ्या पिल्लांना, की काहींनाच? कोणत्या दिवसापासून? सगळं लिहून झाल्यावर त्यांनी पेन बंद केलं आणि तेव्हा दाईला दिसलं, की त्यांचा चेहरा उतरला आहे.

"सहा महिने गेले माझे," त्या म्हणाल्या. "आणि नुसते माझे नाहीत. ते उंदीरही गेले. त्यांचं मरण वाया घालवलंत तुम्ही. विचारायचं होतं मला."

दाईला सगळ्यांत जास्त ते उंदरांचं लागलं. त्यांचा शेवट त्यानं स्वतःच्या हातानं केला होता.

"विचारायला जमत नाही मला," तो म्हणाला. "कधीच जमलं नाही."

तिसरी तुकडी प्रयोगातून काढून टाकली. मॅडमनी प्राण्यांवरच्या प्रयोगांना परवानगी देणाऱ्या समितीला पत्र लिहिलं, त्यात जे घडलं ते जसंच्या तसं लिहिलं, कमी नाही की जास्त नाही. दाईला पिल्लांच्या कामावरून काढून पिंजरे धुण्याच्या खोलीत टाकलं. थेंबताईंसमोर तो स्वतः गेला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, म्हणाल्या, तीन आठवडे मला झोप नाही, आणि पंधरा दिवस त्याच्याशी बोलल्या नाहीत. सोळाव्या दिवशी पिंजरे धुण्याच्या खोलीत येऊन त्यांनी विचारलं, "तुझा तो ब्रश कितव्या नंबरचा?" आणि मग चहाला चल म्हणाल्या.

याच काळात आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं. ती ऐंशीला आली होती, डोकं मात्र लख्ख. रोज वर्तमानपत्रातलं शब्दकोडं सोडवायची. दाईनं रजा टाकली. वॉर्डात नातेवाइकांनी दिवसभर बसायची गरज नाही असं परिचारिकेनं दोनदा सांगितलं, तरी तो खाटेजवळच्या स्टुलावरून हलला नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी आईनं कोडं बाजूला ठेवलं आणि विचारलं, की हल्ली तुझ्या हातांना साबणाचा वास का येतो.

मग त्यानं तिला सांगितलं. पिल्लं, यंत्र, ब्रश, थेंबताई, सगळं. जनुक म्हणजे काय हे सांगायला लागला तेव्हा ती म्हणाली, माहीत आहे, तीन अक्षरी शब्द, दोनदा आलाय. डब्यांची गोष्ट मात्र तिनं नीट ऐकली. सांगता सांगता त्याच्या लक्षात आलं, की आपण हे कुणाला सांगतोय. तो थांबला. पण आईनं तोवर दोन आणि दोन चार केले होते.

"म्हणजे तुझं झाकण मी घट्ट बसवलं," ती म्हणाली.

"तसं नाही, आई."

"मग कसं? मला बरं वाटावं म्हणून काही सांगू नकोस. मला तुझ्या कामातलं कळतं तेवढं सांग."

दाई थोडा वेळ खाटेच्या दांडीवरचा रंग नखानं खरवडत बसला. मग त्यानं जे खरं होतं ते सांगितलं. की उंदरांत असं होतं, हे त्यानं डोळ्यांनी पाहिलं आहे. माणसांतही तसंच काहीसं होत असावं असं शास्त्रज्ञ म्हणतात, पण जिवंत माणसाचा मेंदू कापून बघता येत नाही, त्यामुळे एकेका माणसाबद्दल छातीठोक कुणीच सांगू शकत नाही. त्याचं दचकणं शिशुगृहातून आलं की वडिलांकडून, ते कधी कळणार नाही. वडीलही फटाका वाजला की कान झाकायचेच. आणि ती आजारी पडली, हौसेनं निघून गेली नव्हती.

"उंदरीणही हौसेनं जात नाही," आई म्हणाली. "पण पिल्लाला ते कुठे माहीत?"

शेजारच्या खाटेवरच्या बाईंना कुणीतरी पाणी पाजत होतं. आणि मग, बावन्न-त्रेपन्न वर्षांत पहिल्यांदाच, आईनं ते दिवस उघडले.

ती परत आली तेव्हा तो तिला "बाई" म्हणायचा. शिशुगृहात सगळ्यांनाच बाई म्हणत. पडला, गुडघा फुटला, तरी तिच्याकडे यायचा नाही. भिंतीशी जाऊन उभा राहायचा आणि एकटाच दुखणं जिरवायचा. ती उचलायला गेली की लाकडासारखा ताठ व्हायचा. सासूबाई म्हणायच्या, बघ किती शहाणा आहे, त्रास म्हणून देत नाही. तिला मात्र ते पटायचं नाही. शेवटी तिनं उचलणंच सोडलं. तो जिथे खेळायचा त्या खोलीत, लांबच्या कोपऱ्यात बसून शिवण करायची. रोज थोडी जवळ सरकायची. एखाद्या दिवशी तोच दुसऱ्या खोलीत निघून जायचा, की दुसऱ्या दिवशी पुन्हा कोपऱ्यापासून सुरुवात.

"किती दिवस?" दाईनं विचारलं.

"अकरा महिने. बहीण पोटात होती तेव्हा. एक दिवस आलास आणि पाठ टेकवून बसलास. माझ्याकडे बघितलं नाहीस. नुसती पाठ टेकवलीस. मी तासभर सुई हलवली नाही, पाय बधिर झाले तरी." तिनं चादरीची सुरकुती सरळ केली. "हे तुला सांगायचं धाडस झालं नाही. सांगितलं असतं, तर आधीचंही सांगावं लागलं असतं."

भेटीची वेळ संपल्याची घंटा झाली. दाई उठला, पाण्याचा पेला तिच्या हाताशी ठेवला, चष्मा उशीजवळ ठेवला. एरवी तो मुकाट्यानं निघाला असता. आज तो परिचारिकेच्या टेबलापाशी गेला आणि आणखी अर्धा तास बसू द्याल का, असं त्यानं विचारलं. ती बसा म्हणाली. इतकं सोपं असेल असं त्याला वाटलं नव्हतं.

पुढे चार महिन्यांनी मॅडमनी त्याला वर बोलावलं. त्यांनी नव्या प्रयोगाचा आराखडा समोर ठेवला. आईजवळची पिल्लं, दूर ठेवलेली पिल्लं आणि दूर ठेवून ब्रशनं कुरवाळलेली पिल्लं, असे तीन गट. मॅडमनी आधीच सांगून टाकलं, की तुम्ही काही शोध लावलेला नाही. पिल्लांना ब्रशनं कुरवाळून बघायचं आधीच्या लोकांनाही सुचलेलं आहे. पण तुमच्या हाताइतका सारखा हात माझ्याकडे दुसरा नाही. या वेळी सगळं वहीत येईल, आणि मन कचरलं तर आधी माझ्याकडे यायचं. दाईनं मान हलवली. मग म्हणाला, एक आत्ताच विचारतो: दूर ठेवलेल्या ज्या गटाला ब्रश नाही, ती पिल्लं दुसरं कुणी सांभाळेल का? मॅडमनी त्याच्याकडे पाहिलं आणि ते काम दुसऱ्याकडे दिलं.

उत्तर यायला वर्ष लागलं. कुरवाळलेल्या उंदरांचा ताण दूर ठेवलेल्यांपेक्षा लवकर उतरत होता, आईजवळच्यांइतका मात्र नाही. ते जनुकही मधल्याच चालीनं चालत होतं. वीस-बावीस उंदीर तर ब्रश फिरवूनही जसेच्या तसे राहिले. का, ते मॅडमना सांगता आलं नाही.

आई आता काठी घेऊन चालते. रविवारी सकाळी दाई तिच्या खोलीत जाऊन बसतो आणि ती त्याला एकेक सांगते. टेकडीवरच्या रुग्णालयातल्या लांबच लांब व्हरांड्याबद्दल, तिथे तिनं त्याच्यासाठी विणलेल्या आणि तो मोठा होईल तसतशा लहान पडलेल्या सात स्वेटरांबद्दल. कधी ती मध्येच थांबते आणि चष्मा पुसते. तो घाई करत नाही.

गेल्या रविवारी बहीणही आली होती. आई म्हणाली, की हा पाठ टेकवून बसायला लागला त्याच आठवड्यात तिनं त्याला पुन्हा पहिल्यांदा उचललं, आणि तो तिच्या दंडाला कडकडून चावला.

"मग तू काय केलंस?" बहिणीनं विचारलं.

"काय करणार? आनंद झाला मला," आई म्हणाली. "म्हटलं, चला, पोरगं काहीतरी बोललं एकदाचं."

बहीण हसायला लागली. मग आईही. दाईनं आईची बाही वर सरकवून दंड पाहिला. खूण वगैरे काही नव्हती, सुरकुत्याच होत्या. तरी त्यानं तो दंड बराच वेळ हातात धरून ठेवला.